एनएचएलची ट्रेड डेडलाइन पहिल्यांदा बघताय? बियाणं विकून कप आणायचा हिशोब असा वाचा

कॅनडातलं माझं पहिलं वर्ष, मिसिसागात. मार्चचा पहिला आठवडा, ऑफिसात जेवायच्या टेबलावर सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले आणि मधेच एकजण ओरडला, "एका रेंटलसाठी फर्स्ट दिला? वेड लागलंय का यांना?" मला वाटलं कुणीतरी महागात घर भाड्याने घेतलंय, म्हणून मी भाबडेपणाने विचारलं, किती बेडरूमचं? ते हसू मला अजून ऐकू येतं. आपल्याला हॉकी म्हणजे ध्यानचंद, पेनल्टी कॉर्नर आणि आपला खडकीचा धनराज पिल्ले. ही बर्फावरची हॉकी, एनएचएल ही तिची अमेरिका-कॅनडातली मोठी लीग, ट्रेड डेडलाइन म्हणजे टीमने आपसात खेळाडूंची देवाणघेवाण करायची त्या सीझनमधली शेवटची वेळ, आणि आजूबाजूचे सगळे त्यावर भांडतायत. तर जे नवीन आलेत किंवा घरबसल्या नवीनच बघायला लागलेत त्यांच्यासाठी लिहितोय, की एखादी टीम आपली उद्याची पोरं देऊन आजचा खेळाडू आणते तेव्हा तो सौदा शहाणपणाचा की खुळेपणाचा हे कसं ओळखायचं. खेळाचे नियम इथे नाहीत, ऑफसाइड बिफसाइड नंतर कळेल.

पायरी १: आधी चलन ओळखा

एनएचएलमध्ये ३२ टीम आहेत, त्यातल्या १६ प्लेऑफला जातात, चार राउंड, प्रत्येक राउंडमध्ये सातपैकी चार मॅच जिंकायच्या. म्हणजे स्टॅन्ली कपसाठी, या लीगच्या अजिंक्यपदासाठी, १६ मॅच जिंकायला लागतात, दोन महिने मारामारी करत. आयपीएलसारखा लिलाव नाही. नवीन खेळाडू जूनअखेरच्या ड्राफ्टमधून येतात, १८ वर्षांची पोरं, सात राउंड, टीमने पाळीपाळीने निवडायचं. तळाच्या टीमचा नंबर आधी, त्यातही अगदी वरच्या नंबरांसाठी लॉटरी. या पाळीला म्हणतात पिक, आणि गंमत अशी की ही पाळी विकता येते, तीसुद्धा दोन-तीन वर्षं पुढची, म्हणजे ज्या पोराची अजून मिसरूडही फुटलेली नाही त्याला तुम्ही आज कुणाच्या तरी पदरात टाकून मोकळे. आधीच निवडलेलं पण अजून एनएचएलमध्ये बस्तान न बसलेलं पोरगं म्हणजे प्रॉस्पेक्ट.

शेतकऱ्याच्या घरात पेरणीसाठी बाजूला ठेवलेलं बियाणं असतं ना, तसे हे पिक आणि प्रॉस्पेक्ट. आज विकलं तर आज पैसा हातात, पण जूनमध्ये पेरायचं काय हा प्रश्न उरतोच. आणि बियाणं शंभर टक्के उगवतं असं थोडंच आहे, म्हणून तर विकणारा विकतो.

दुसरं चलन म्हणजे सॅलरी कॅप, अख्ख्या टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला, त्यानंतर ही मर्यादा आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. याच्या वर पगार नेता येत नाही. म्हणून चांगला खेळाडू एवढं पुरत नाही, चांगला आणि स्वस्त खेळाडू हवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

पायरी २: टीम आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा

सौद्याच्या आधी टीम बघायची. मुख्य चार-पाच खेळाडू २४ ते ३० वयाचे, करार झालेले, गोलकीपर बरा, गेल्या एक-दोन वर्षांत प्लेऑफमध्ये पुढपर्यंत गेलेली टीम असेल तर तिने बियाणं विकणं समजू शकतं. याला इथे विंडो म्हणतात, खिडकी उघडी आहे तोवर हात घाला. पण जी टीम जेमतेम सोळावी येतेय, तिने फर्स्ट राउंड पिक देऊन पस्तिशीचा खेळाडू आणला तर समजा की मालकाला प्लेऑफच्या दोन मॅचच्या तिकिटांचं उत्पन्न हवंय किंवा जनरल मॅनेजरची, म्हणजे हे सौदे करणाऱ्या माणसाची, नोकरी धोक्यात आहे. हा माझा तिरकस स्वभाव, पण बऱ्याचदा खरा ठरतो.

उलट बाजूची टीम, म्हणजे विकणारी, सहसा वर्षभर हरलेली असते आणि तिच्याकडे असे खेळाडू असतात ज्यांचा करार उन्हाळ्यात संपणार, फुकट निघून जाणार. मग फुकट जाण्यापेक्षा काहीतरी घ्या. ओटावाने २०१९ ला हेच केलं, मार्क स्टोन, मॅट डुशेन, रायन झिंगल असे तिघे एकाच डेडलाइनला काढून टाकले.

पायरी ३: दिलेल्या वस्तूची खरी किंमत काढा

नवीन माणूस इथे फसतो. "फर्स्ट राउंड पिक दिला" ऐकलं की वाटतं केवढं मोठं दिलं. पण पहिल्या राउंडमध्ये ३२ पाळ्या असतात आणि पहिली पाळी व तिसावी पाळी यात हापूस आणि रायवळ एवढा फरक आहे. प्लेऑफला न गेलेल्या १६ टीम आधी, मग बाकीच्या, हरलेली फायनलिस्ट ३१ वी आणि कप जिंकणारी ३२ वी. म्हणजे खरेदी करणाऱ्या टीमचा डाव यशस्वी झाला की तिने दिलेली वस्तू आपोआप स्वस्त होते. फसला तर महाग होते. म्हणून हुशार मॅनेजर अट घालतो, की आमची पाळी पहिल्या १० मध्ये आली तर ती आमच्याकडेच राहील, तुम्हाला पुढच्या वर्षीची. बातमीत "टॉप-टेन प्रोटेक्टेड" दिसलं की ते हे. काही अटी उलट्या पण असतात. २०२५ ला फ्लोरिडाने बॉस्टनकडून ब्रॅड मार्शां आणला तेव्हा सेकंड राउंड पिकच ठरलेला, फ्लोरिडा दोन राउंड जिंकली आणि तो पुरेशा मॅच खेळला तर त्याचा फर्स्ट होणार. झालाच. फ्लोरिडाने सलग दुसरा कप जिंकला, ३७ वर्षांच्या मार्शांने एका फायनलमध्ये सहा गोल मारले, त्या पिकबद्दल मायामीकडे कुणी चकार शब्द काढत नाही.

प्रॉस्पेक्टचं तर अजून अवघड. दोन पोरांची गोष्ट सांगतो.

२००८, पिट्सबर्ग. क्रॉस्बी आणि माल्किन तरुण, टीम तुफान, अटलांटाकडून मारियन होसा आणला आणि त्याबदल्यात दोन खेळाडू, फर्स्ट राउंड पिक आणि अँजेलो एस्पोसिटो नावाचं पोरगं दिलं. या एस्पोसिटोचं ड्राफ्टआधी केवढं नाव होतं. तो एनएचएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. होसाने पिट्सबर्गला फायनलला नेलं, डेट्रॉइटकडून हरले, आणि उन्हाळ्यात होसा गेला कुठे तर डेट्रॉइटलाच, कप जिंकायला. पुढच्या वर्षी फायनलला परत तेच दोघे, आणि जिंकलं पिट्सबर्ग! बिचारा होसा दोन्ही वर्षी हरणाऱ्या बाजूला. (२०१० ला शिकागोकडून अखेर जिंकला, काळजी नको.) आणि त्या सौद्यात होसासोबत पास्कल डुपुई नावाचा एकजण आलेला, त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. तो मात्र कित्येक वर्षं पिट्सबर्गला टिकला.

आता दुसरं पोरगं. एप्रिल २०१३, वॉशिंग्टनला नॅशव्हिलचा मार्टिन इराट हवा होता, अनुभवी माणूस, ओव्हेच्किनच्या टीमला आधार. दिलं काय, तर आदल्याच वर्षी ११ व्या नंबरला निवडलेला फिलिप फोर्सबर्ग. वॉशिंग्टन त्या वर्षी पहिल्याच राउंडला हरलं, इराट वर्षभराच्या आत दुसरीकडे गेला, आणि फोर्सबर्ग आज नॅशव्हिलच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल मारणारा खेळाडू आहे. वॉशिंग्टनच्या माणसासमोर इराटचं नाव काढू नका, विषय बदलतात.

दोन्हीत पोरगं कसं निघेल हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे "पोरगा पुढे स्टार झाला म्हणून सौदा वाईट" असं म्हणणाऱ्यांचं मी फार मनावर घेत नाही. वॉशिंग्टनची चूक वेगळीच होती. ११ व्या नंबरचं ताजं पोरगं आणि ३१ व्या नंबरचं पिक एकाच तागडीत तोलायचं नसतं.

पायरी ४: मिळालेला माणूस किती दिवसांचा आणि केवढ्याचा

माझ्या मते अख्ख्या हिशोबातली ही सगळ्यात मोठी पायरी, आणि टीव्हीवर हिच्यावर सगळ्यात कमी बोलतात कारण त्यात चमक नाही.

रेंटल म्हणजे ज्याचा करार याच उन्हाळ्यात संपतो असा खेळाडू. तीन महिन्यांचा पाहुणा. कधीकधी पाहुणा लक्ष्मीच्या पावलांनी येतो, २०१५ ला शिकागोने अँटवान व्हर्मेटसाठी ॲरिझोनाला फर्स्ट राउंड पिक आणि एक बचावपटू दिला, त्याने फायनलमध्ये दोन मॅचचे विजयी गोल मारले, कप आला, आणि उन्हाळ्यात साहेब परत ॲरिझोनातच सही करून बसले. ॲरिझोनाचा खेळाडूही परत, पिक पण खिशात. पण असं रोज होत नाही.

त्यापेक्षा टॅम्पाचं बघा, कारण उद्या विकून आज जिंकणं म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. २०१८-१९ ला टॅम्पाने ६२ मॅच जिंकल्या, गुणतक्त्यात १२८ पॉइंट, सगळ्यांना वाटलं कप यांचाच. पहिल्याच राउंडला कोलंबसने ४-० धुतलं. मॅनेजर जुलियन ब्रिसब्वा. घाबरून टीम मोडली असती तर कुणी नावं ठेवली नसती, पण त्याने मुख्य खेळाडू तसेच ठेवले आणि उन्हाळ्यात कॅपमध्ये जागा करायला जे. टी. मिलर नावाचा चांगला खेळाडू व्हँकुव्हरला देऊन त्यांचा फर्स्ट घेतला. मग फेब्रुवारी २०२० ला हाच व्हँकुव्हरचा फर्स्ट आणि नोलन फूट नावाचा प्रॉस्पेक्ट न्यू जर्सीला देऊन ब्लेक कोलमन आणला, आणि आपला स्वतःचा फर्स्ट सॅन होजेला देऊन बार्कले गुड्रो. लोक हसले. दोन फर्स्ट, एक पोरगं, आणि आणलं काय तर तिसऱ्या फळीतले (फळी म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन आक्रमक) दोन घासणारे गडी?

पण आकडे बघा. कोलमनचा कॅपवरचा बोजा १८ लाख डॉलर, गुड्रोचा सव्वानऊ लाख, आणि दोघांच्या करारात पुढचं अख्खं वर्ष शिल्लक. म्हणजे एका किमतीत दोन प्लेऑफ. यानी गूर्डसोबत त्यांची जी फळी जमली तिने समोरच्याच्या मोठ्या खेळाडूंना नुसतं छळलं, २०२० चा कप, २०२१ चा कप. स्टॅमकोस, कुचेरोव, हेडमन, वासिलेव्स्की हे मोठे लोक तिथे आधीच होते, कमी होती ती चिवट माणसांची. २०२२ ला परत तेच, शिकागोला दोन फर्स्ट आणि दोन तरुण खेळाडू देऊन ब्रँडन हेगल, १५ लाखांचा बोजा आणि करार अजून दोन वर्षं. त्या वर्षी फायनलला कोलोरॅडोकडून हरले, पण हेगल नंतर ३० गोलांच्या वर गेला आणि टॅम्पाच्या गाभ्यातलाच झाला.

आणि याच ब्रिसब्वाने २०२३ ला टॅनर जनोसाठी एक तरुण बचावपटू, एक फर्स्ट, एक सेकंड, तिसरा, चौथा, पाचवा असे सगळे राउंड नॅशव्हिलला वाटून टाकले, म्हणजे अक्षरशः धान्याचं कोठार झाडून दिलं. पहिल्याच राउंडला टोरोंटोकडून हरले आणि पुढच्या वर्षी जनो लॉस एंजेलिसला एका सेकंड आणि एका चौथ्या राउंडच्या पिकवर गेला. पद्धत तीच, पण खिडकी बंद व्हायला लागली होती आणि भाव जास्त दिला. २०२० ते २०२५ या सहा ड्राफ्टमध्ये टॅम्पाने पहिल्या राउंडमध्ये फक्त एकदाच निवड केली, २०२२ ला, ३१ व्या नंबरवर. २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षी पहिल्या राउंडला घरी. बिल असं हप्त्याने येतं. दोन कप मिळाले असतील तर माझ्या मते हसत भरावं, पण तुमचं मत वेगळं असू शकतं, त्यासाठीच तर ऑफिसात भांडणं होतात.

अजून एक कलम इथेच सांगतो. विकणारी टीम खेळाडूच्या पगाराचा निम्म्यापर्यंतचा भाग स्वतःच्या कॅपवर ठेवू शकते, म्हणजे ६० लाखांचा माणूस तुम्हाला ३० लाखांना. अर्थात त्याबदल्यात पिक जास्तीचं मागणार. बातमीत "रिटेन्ड" दिसलं की किंमत का वाढली ते समजतं. पूर्वी अजून एक पळवाट होती, जखमी खेळाडूचा पगार बाजूला ठेवून तेवढी जागा वापरायची आणि तो थेट प्लेऑफला हजर, कारण प्लेऑफला कॅपच नव्हती. कुचेरोव २०२०-२१ चा पूर्ण सीझन बाहेर होता, प्लेऑफला आला आणि सगळ्यात जास्त, ३२ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले. आता २०२५-२६ पासून प्लेऑफलाही कॅपचा हिशोब लावलाय त्यामुळे ती मजा संपली.

पायरी ५: खेळाडूला विचारलंय का

पटकन सांगतो. मोठ्या खेळाडूंच्या करारात बहुतेकदा नकाराचा हक्क असतो, मी अमुक टीमला जाणार नाही. कधीकधी तो एकाच टीमला हो म्हणतो आणि मग विकणाऱ्याला हात चोळत बसावं लागतं. २०२२ ला फिलाडेल्फियाचा कर्णधार क्लोद जिरू फ्लोरिडालाच जायचं म्हणाला, झालं तसंच. त्यामुळे "एवढा मोठा खेळाडू एवढ्यातच दिला?" असं वाटलं तर आधी हे तपासा, मग मॅनेजरला शिव्या घाला.

पायरी ६: सगळंच पणाला लावणाऱ्यांकडे जरा प्रेमाने बघा

कोलंबसचं उदाहरण मला फार आवडतं. २०१९, पनारिन आणि बोब्रोव्स्की दोघांचे करार संपणार, दोघे जाणार हे गावात सगळ्यांना माहीत. शहाणा मॅनेजर दोघांना विकून पिक घेतो. यार्मो केकालाइनेनने उलटं केलं, दोघांना ठेवलं आणि वर ओटावाकडून डुशेन आणि झिंगल पण आणले, प्रॉस्पेक्ट आणि पिक देऊन. आणि मग वर सांगितलं ना, त्या १२८ पॉइंटवाल्या टॅम्पाला ४-० ने घरी पाठवलं ते याच कोलंबसने. त्यांच्या इतिहासातला पहिलाच प्लेऑफ मालिका विजय. पुढच्या राउंडला बॉस्टनकडून हरले आणि उन्हाळ्यात पनारिन न्यूयॉर्कला, बोब्रोव्स्की फ्लोरिडाला, डुशेन नॅशव्हिलला, झिंगल कॅरोलायनाला. घर रिकामं. कागदावर हा सौदा सपशेल तोट्याचा, मी स्वतः केला नसता, पण त्या चार मॅच बघितलेल्या कोलंबसच्या माणसाला विचारा, तो म्हणेल परत करा.

पायरी ७: डेडलाइनच्या दिवशी प्रत्यक्ष काय करायचं

वेळ टोरोंटो-न्यूयॉर्कची दुपारी ३. भारतात तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो, म्हणजे तारीख बदललेली, गजर लावताना चुकू नका. तीन वाजले की बातम्या थांबतात असं नाही, उलट पुढचा तासभर कागदपत्रं पास झालेले सौदे बाहेर येत राहतात. जागरण त्यासाठीच करायचं.

एक वही घ्या किंवा एक्सेल शीट. प्रत्येक सौद्याला पाच गोष्टी लिहा: मिळालेल्या माणसाचं वय, करार कधी संपतो, कॅपवर बोजा किती (रिटेन्ड धरून), दिलेल्या पिकचा अंदाजे नंबर, दिलेल्या पोराचं वय आणि ते आत्ता कुठे खेळतंय. नावं शेवटी लिहा. खरंच सांगतो, नाव आधी लिहिलं की डोकं चालत नाही, आपण जर्सी बघून निर्णय घेतो.

सरावाला एक मोठा सौदा घेऊ. मार्च २०२५, डॅलसने कॅरोलायनाकडून मिको रान्टानेन घेतला. वय २८. करार उन्हाळ्यात संपणारा, म्हणजे रेंटल? नाही, कारण सौद्यासोबतच आठ वर्षांचा नवा करार, वर्षाला १ कोटी २० लाख. दिलं काय: लोगन स्टँकोव्हेन, २२ वर्षांचा, आधीच एनएचएलमध्ये खेळणारा, दोन फर्स्ट (२०२६ आणि २०२८) आणि दोन तिसरे. डॅलस नियमित वरच्या टीमपैकी, म्हणजे फर्स्ट बहुधा खालच्या नंबरचे. वहीत मांडलं तर दिसतं की खरी किंमत म्हणजे स्टँकोव्हेन, पिक नाहीत. आणि स्वस्तात मिळालाय का, तर अजिबात नाही, पुढची आठ वर्षं कॅपमधला मोठा तुकडा एकाच माणसाला. मग पहिल्याच राउंडला कोलोरॅडोसमोर, म्हणजे ज्या टीमने त्याला जानेवारीत काढून टाकलं होतं तिच्याविरुद्ध, सातव्या मॅचला ०-२ मागे असताना शेवटच्या पिरियडमध्ये त्याने तीन गोल मारले. पुढे एडमंटनकडून हरले, पण ती रात्र डॅलसमध्ये कुणी विसरणार नाही.

पायरी ८: निकाल कधी लावायचा

दोन खाती ठेवा. एक त्याच रात्री, तेव्हा जे माहीत होतं त्यावर. दुसरं पाच वर्षांनी. दोन्ही एकत्र केलीत की भांडण संपतच नाही. डिसेंबर १९९५ ला डॅलसने १८ वर्षांचा जारोम इगिन्ला कॅल्गरीला देऊन जो न्यूएनडाइक आणला. इगिन्ला कॅल्गरीचा दैवत झाला, आणि न्यूएनडाइकने १९९९ ला डॅलसला कप दिला, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू पण तोच. कोण हरलं सांगा.

व्हेगस तर अजून मजेशीर. २०१७ च्या पहिल्याच ड्राफ्टला त्यांनी पहिल्या राउंडमध्ये तिघे निवडले, कोडी ग्लास, निक सुझुकी, एरिक ब्रॅनस्ट्रॉम. चार वर्षांत तिघेही विकून मोकळे. ब्रॅनस्ट्रॉम देऊन मार्क स्टोन आला, जो पुढे कर्णधार झाला आणि २०२३ ला कप ज्या मॅचला जिंकला त्यात त्याने हॅटट्रिक केली. सुझुकी देऊन मॅक्स पॅसिओरेटी आला, आणि २०२१ ला सेमीफायनलला व्हेगसला हरवणाऱ्या मॉन्ट्रियलमध्ये तोच सुझुकी होता, पुढे तिथला कर्णधार झाला. एकाच झाडाची तीन फळं, एक गोड, एक आंबट, एक कुठे गेलं कळलं नाही.

आता तुमचा गृहपाठ, आणि हा आमच्या टोरोंटोचा, जिथे १९६७ नंतर कप आलेला नाही त्यामुळे जखम ताजीच असते. मार्च २०२५ ला लीफ्सने, म्हणजे टोरोंटोच्या टीमने, बॉस्टनला फ्रेझर मिंटन, २०२६ चा फर्स्ट आणि एक चौथा देऊन ब्रँडन कार्लो घेतला, आणि फिलाडेल्फियाला निकिता ग्रेबेन्किन आणि २०२७ चा फर्स्ट देऊन स्कॉट लॉटन, निम्मा पगार फिलाडेल्फियाने ठेवलेला. दोघेही रेंटल नाहीत. दोन्ही फर्स्ट प्रोटेक्टेड, पण एक पहिल्या ५ पर्यंत, दुसरा पहिल्या १० पर्यंत. मे महिन्यात फ्लोरिडासमोर सातवी मॅच, घरच्या मैदानावर, ६-१ ने हरले. वरच्या पाच गोष्टी लिहा, नावं शेवटी, त्या रात्रीचं खातं आणि नंतरचं खातं वेगवेगळं. मी माझं लिहून ठेवलंय, पण जेवायच्या टेबलावर अजून वाचून दाखवायची हिंमत झालेली नाही.